देवाचं क्रियापद: उपासनेची भाषा ठरवणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
प्रार्थना, गीतं आणि उपासनाविधी यांची भाषा ठरवणाऱ्या समित्यांच्या सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी अशाच एका समितीसाठी मी पवित्र आत्म्याला उद्देशून असलेली एक छोटी प्रार्थना मराठीत आणत होते. दहाबारा ओळींचं काम. पहिला खर्डा वाचताना लक्षात आलं की आत्मा स्त्री की पुरुष, हे एकाही क्रियापदातून कळत नाही. मी ते ठरवून केलं नव्हतं. ‘ये’, ‘आमच्या मनांत उजेड कर’, ‘तू आम्हांला जन्म दिलास’, ‘तू आम्हांला सोडून जाणार नाहीस’. मराठीचीच करणी ही. आज्ञार्थाला लिंग नसतं. ‘दिलास’ हे ‘जन्म’ या शब्दामागे चालतं, देणाऱ्याकडे वळूनही बघत नाही. ‘तू येशील’ हे बापाला म्हणता येतं आणि आईलाही. पंचाईत होते ती ‘येतोस’ की ‘येतेस’, ‘आलास’ की ‘आलीस’ इथे.

खर्डा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने शेरा होता: ‘संबोधन संदिग्ध वाटते.’ तीन क्रियापदं बदलली होती. ‘ये’ या एका अक्षराच्या जागी ‘तू आमच्याकडे येतोस’ आलं होतं. (विनवणीचं विधान झालं, हे बहुतेक कुणाच्या लक्षात आलं नसावं.) अर्थामध्ये भर काही पडली नव्हती, फक्त एक पुरुष आत येऊन बसला होता.

तेव्हा मी वाद घातला नाही. मानधनाचा प्रश्न नव्हता, मुद्देसूद बोलायची तयारी नव्हती. आता थोडी झाली आहे, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत. ‘बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे बाप्तिस्म्याचे शब्द बदला, असं मी म्हणणार नाही. उत्पन्नकर्ता, तारणारा आणि पवित्र करणारा अशा नावांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरता येणार नाही, असं व्हॅटिकनने २००८ मध्ये जाहीर केलं. पुष्कळ जणींना तो निर्णय पुरुषी वाटला. मला पटला. ही तीन कामांची नावं आहेत. निर्मिती काय एकट्या बापाची? तारण एकट्या पुत्राचं? तसं धरलं तर एका कचेरीतले तीन विभाग होतात, त्रैक्य, म्हणजे तिघांत एकच देव, उरत नाही. ‘बाप’ आणि ‘पुत्र’ हे शब्द कामं सांगत नाहीत, एकमेकांशी असलेलं नातं सांगतात. ते काढून टाकलं तर हातात फक्त देवाची कार्यसूची राहते.

पण हीच गोष्ट उलटीकडूनही तितकीच खरी आहे, आणि ती तुमच्या बैठकांत बोलली जात नाही. ‘बाप’ हे कामाचं नाव नाही, तसंच ते प्रकृतीचंही नाव नाही. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी या ग्रीक धर्माचार्याला विरोधकांनी पेचात पकडलं होतं. ‘बाप’ हे नाव देवाच्या सत्तेचं, म्हणजे त्याच्या मूळ असण्याचं, की कृतीचं? सत्तेचं म्हणालास तर पुत्र वेगळ्या सत्तेचा ठरतो. कृतीचं म्हणालास तर पुत्र ही केलेली वस्तू ठरते. ग्रेगरीचं उत्तर असं की दोन्हींचं नाही, हे नाव संबंधाचं आहे. बाप पुत्राच्या बाजूला कसा उभा आहे, एवढंच ते सांगतं. आणि त्याच मालिकेतल्या शेवटच्या भाषणात, आत्म्याविषयी बोलताना, तो अशा लोकांची चक्क टर उडवतो ज्यांना ‘देव’ आणि ‘बाप’ हे शब्द पुल्लिंगी म्हणून देव पुरुष वाटतो. मग ग्रीकमध्ये ‘देवत्व’ स्त्रीलिंगी आहे, ‘आत्मा’ नपुंसकलिंगी आहे, त्याचं काय करणार, असा त्याचा सूर. ही भाषणं साधारण ३८० सालची, कॉन्स्टँटिनोपलमधली. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली, आज आपण ज्या रूपात म्हणतो ते ज्या परिषदेशी जोडलं जातं, तिच्या आदल्या वर्षातली. म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त घडवणाऱ्या माणसालाच देवाचं पुरुषपण हास्यास्पद वाटत होतं.

बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमचंही तेच. यशयावरच्या भाष्यात तो सांगतो की आत्मा हा शब्द हिब्रूत स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी आणि ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे. कारण देवत्वात लिंग नाहीच. कॅथलिक मंडळीच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथातही देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. कागदावर तुमचं-माझं भांडण नाहीच. सिद्धान्त एका खिशात आणि क्रियापद दुसऱ्या, एवढीच अडचण आहे. धर्मशास्त्राच्या वर्गात ‘देवाला लिंग नाही’ असं शिकलेला माणूस वेदीपाशी उभा राहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो. पहिल्या इयत्तेतल्या मुलाच्या डोळ्यांपुढेही तोच.

यावर नेहमी मिळणारं उत्तर मला पाठ आहे: भाषेचं व्याकरणच तसं, आम्ही काय करणार? मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी आहे, संपला विषय. इथे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

सिरियाक ही अरामी भाषेची एक बोली, म्हणजे येशूच्या बोलीची चुलत बहीण. तिच्यात आत्म्याला ‘रूहा’ म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. सुरुवातीची सिरियाक मंडळी पवित्र आत्म्याबद्दल सहज ‘ती आली’, ‘ती शिकवील’ या थाटात बोलत आणि त्यात त्यांना काही धाडस केल्यासारखं वाटत नव्हतं. चौथ्या शतकातला अफ्राहात हा पारशी साम्राज्यातला कडक तपस्वी. ब्रह्मचर्याचा महिमा गाताना तो म्हणतो की लग्न न झालेला माणूस देव या आपल्या बापावर आणि पवित्र आत्मा या आपल्या आईवर प्रेम करतो. यात स्त्रीवाद शोधायला जाऊ नका. अफ्राहात बायकांविषयी इतर ठिकाणी जे लिहितो ते वाचलं तर तो गैरसमज राहणार नाही. पण आत्म्याला आई म्हणताना त्याची लेखणी थबकत नाही. त्याच्याही आधीच्या, बहुधा दुसऱ्या शतकातल्या सिरियाक स्तोत्रांच्या एका संग्रहात याहून चकित करणारं चित्र आहे. पुत्र हा प्याला, दूध बापाच्या स्तनांतलं आणि ते काढणारी पवित्र आत्मा. वाचणारा पहिल्यांदा दचकतोच. मीही दचकले होते. तिघांपैकी कोण पुरुष आणि कोण स्त्री, हा हिशोब त्या एका ओळीत पार विस्कटून जातो, आणि मला वाटतं कवीला तेच हवं होतं.

मग इ.स. ४००च्या सुमाराला वारं फिरलं. ‘रूहा’ हा शब्द वाऱ्यासाठी आणि साध्या आत्म्यासाठी स्त्रीलिंगीच राहिला, पण त्याला ‘पवित्र’ हे विशेषण लागलं की क्रियापदं पुल्लिंगी होऊ लागली. सातव्या शतकाच्या आरंभी नव्या कराराचं जे अतिकाटेकोर सिरियाक भाषांतर झालं, त्यात तर हा नियम पक्काच झाला. व्याकरण ‘ती’ म्हणत होतं आणि धर्मगुरू ‘तो’ लिहीत होते.

हे फार लांबचं वाटत असेल तर हिंदी बायबल उघडा. हिंदीत ‘आत्मा’ स्त्रीलिंगी आहे. ‘मेरी आत्मा’ हे कुणीही म्हणतं. पण रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात छापलेलं असतं, ‘परमेश्वर का आत्मा’. शाळेतल्या मुलाने असं लिहिलं असतं तर गुण कापले असते. भाषांतरकारांना हिंदी येत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी व्याकरण जाणूनबुजून वाकवलं. तेव्हा ‘व्याकरणापुढे आमचा इलाज नाही’ असं म्हणू नका. व्याकरणाने ‘ती’ म्हटलं तेव्हा इलाज लगेच सापडला आणि चांगला दीडेक हजार वर्षं टिकला.

इथपर्यंत मान डोलावणाऱ्या काही मैत्रिणी पुढे म्हणतात, मग आत्म्याला ‘ती’ करून टाकू या. माझा त्याला विरोध आहे, आणि तुमच्यापैकी जे या सूचनेला घाबरतात त्यांच्यापेक्षा माझी कारणं वेगळी आहेत.

जर्मनीच्या बव्हेरिया भागात उर्शालिंग नावाच्या गावात एक छोटं देऊळ आहे, संत याकोबाचं. तिथल्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रात त्रैक्य काढलं आहे. तीन आकृत्या खाली एकाच वस्त्रात मिसळून गेल्या आहेत. डावीउजवीकडचे दोघे दाढीवाले, मधली आकृती बिनदाढीची, मऊ चेहऱ्याची, बघताक्षणी बाई वाटावी अशी. चित्रकाराच्या मनात काय होतं यावर पंडितांत एकमत नाही. चित्र सुंदर आहे. पण ते बघून मला आनंदाबरोबर एक ओळखीचा थकवाही येतो. दोन पुरुष आणि मध्ये एक बाई. ती सांत्वन करणार, समजूत घालणार, दोघांना जोडून धरणार आणि स्वतः मागे राहणार. घरातलीच वाटणी वर नेऊन स्वर्गात टांगलेली! त्रैक्यात स्त्रीसाठी एक राखीव जागा काढली की उरलेल्या दोन जागा कायमच्या पुरुषांच्या नावावर होतात, हे या मैत्रिणींच्या लक्षात येत नाही.

बाप, आई आणि मूल असं त्रैक्याचं कुटुंब मांडण्याची कल्पना लॅटिन धर्मपंडित ऑगस्टीनपुढेही आली होती. त्याने ती नाकारली. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. आत्म्याला आई म्हणणं किळसवाणं आहे म्हणून नव्हे, तर मनुष्य देवाच्या प्रतिरूपात आहे तो एकेकटाच आहे म्हणून. प्रतिरूप पूर्ण व्हायला नवरा, बायको आणि मूल असे तिघं लागत नाहीत. उत्तम मुद्दा. (त्याच ग्रंथात पुढच्या काही पानांवर तो म्हणतो की साहाय्यक या नात्याने एकट्या स्त्रीकडे पाहिलं तर ती देवाचं प्रतिरूप नव्हे, पुरुष मात्र एकटाही आहे. स्वतःचाच उत्तम मुद्दा इतक्या लवकर विसरणारा दुसरा थोर माणूस मला माहीत नाही.)

परंपरेने जे केलं ते या दोन्ही टोकांपेक्षा खोल आहे. तिने स्त्रीत्व एका खुर्चीवर बसवलं नाही. मतांगीकारात पुत्र बापापासून जन्मलेला आहे. लॅटिन पाठात तिथे जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘जन्मलेला’, आणि ग्रीक क्रियापद बापालाही चालतं आणि बाळंतिणीलाही. ६७५ साली स्पेनमध्ये तोलेदोची अकरावी परिषद भरली. तिने तर पुत्र बापाच्या गर्भाशयातून जन्मला असं लिहून ठेवलं. बापाचं गर्भाशय! एखाद्या बंडखोर कवयित्रीने म्हटलं असतं तर तुम्ही खुलासा मागितला असता. इथे बिशपांनी गंभीरपणे म्हटलं आहे, आणि कारणही काटेकोर आहे: पुत्र शून्यातून केलेला नाही, बापाच्याच सत्तेतून आलेला आहे, हे दाखवायला त्यांना याहून नेमकी प्रतिमा सापडली नाही. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिचच्या ज्युलियनला १३७३ साली दर्शनं झाली. पुढची कित्येक वर्षं तिने त्यांवर चिंतन केलं. ती ज्याला ठामपणे आई म्हणते तो आत्मा नव्हे, पुत्र आहे. आपल्या देहात वागवणारा, वेणा सोसणारा, स्वतःच्या देहाने पोसणारा. म्हणजे पहिल्याला गर्भाशय, दुसऱ्याला बाळंतपण आणि तिसरी घरट्यावर. कुठल्या एकाला ‘ती’ म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडायची सोयच नाही.

घरटं म्हणाले ते उगाच नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत देवाचा आत्मा पाण्यावर जे करतो त्या हिब्रू क्रियापदाचं ते रूप जुन्या करारात दोनच ठिकाणी येतं. दुसरं ठिकाण ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात, पिल्लांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडाचं. मराठीत याला नेमका शब्द आहे: पाखर घालणं. दोन शब्दांत पक्षीही आला, पंखही आले आणि राखणही. पुरुषाला ‘माउली’ म्हणताना ज्या भाषेत कुणाची जीभ अडखळत नाही, त्या भाषेला ही प्रतिमा परकी वाटायचं कारण नाही.

त्याच बत्तिसाव्या अध्यायात, सात ओळी पुढे, इस्राएलला ठपका आहे: ज्याने तुला जन्म दिला त्या देवाला तू विसरलास. इथे ‘जन्म दिला’साठी जे हिब्रू क्रियापद आहे त्यात प्रसूतीच्या वेणांनी पिळवटून निघण्याचा अर्थ आहे. काही भाषांतरांनी त्या वेणा गाळून तिथे बाप आणून बसवला. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव योद्ध्यासारखा गर्जना करतो आणि लगेच पुढच्या ओळीत बाळंतिणीसारखा ओरडतो, धापा टाकतो. योद्ध्यावर गाणी किती आहेत ते तुमच्या गीतपुस्तकात मोजा. बाळंतिणीवर एक तरी आहे का, तेही पाहा. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढरामागे जाणारा मेंढपाळ देव आहे, उधळ्या पोराची वाट बघणारा बाप देव आहे, आणि दोघांच्या मधोमध हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. मेंढपाळ काचेच्या खिडक्यांत शेकड्यांनी सापडतो. झाडूवाली बाई मी अजून तरी एकाही वेदीच्या वर पाहिलेली नाही. आणि दयेसाठी हिब्रूत जो शब्द वारंवार येतो त्याचं मूळ गर्भाशयाच्या शब्दाशी जुळतं. प्रत्येक रविवारी आपण ‘हे प्रभो, दया कर’ म्हणतो, तेव्हा शब्दाच्या मुळाशी आपण काय मागत असतो ते पाहा.

येशू पुरुष होता, या आक्षेपाबद्दल फार लिहीत नाही. होता. तो यहूदीही होता, सुतारकाम करणाऱ्या घरातलाही होता. मतांगीकार मात्र तो ‘मनुष्य’ झाला म्हणतो. ग्रीकमध्येही तिथे नरासाठीचा शब्द नाही, माणसासाठीचा आहे. जे त्याने धारण केलं नाही ते बरं झालं नाही, हे पुन्हा ग्रेगरीचंच सूत्र. त्याने पुरुषपण धारण केलं असं म्हणायचं असेल तर निम्मी मंडळी बाप्तिस्म्याच्या कुंडाशी कशासाठी आणता?

हे सगळं शब्दांचे खेळ आहेत, असंही कुणी म्हणेल. २०१६ साली इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांमधला एक प्रवाह) पंडितांत एक मोठा वाद पेटला. पुत्र बापाला अनादिकाळापासून अधीन आहे, म्हणून बायकोने नवऱ्याला अधीन असावं, अशी मांडणी काही जण बरीच वर्षं करत होते. त्यांच्याच गोटातल्या इतरांनी उठून सांगितलं की अहो, हा तर नायसियाच्या परिषदेने मोडून काढलेला रस्ता आहे. घरातली उतरंड टिकवण्यासाठी त्रैक्यात उतरंड लावली गेली. शब्दांचे खेळ इथपर्यंत जातात.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. बाप्तिस्म्याचे आणि मतांगीकाराचे शब्द तसेच ठेवा, पण ‘बाप’ हे नात्याचं नाव आहे हे वर्षातून एकदा तरी व्यासपीठावरून सांगा. वाचनांच्या तक्त्यात बाळंतीण आणि झाडूवाली येऊ द्या. त्यांना कुणी बाहेरून आणलेलं नाही, त्या पवित्र शास्त्रातच राहतात. दहा सप्टेंबर १९७८ रोजी पोप पहिले जॉन पॉल यांनी रोममध्ये जमलेल्या लोकांसमोर देव बाप आहे, त्याहूनही आई आहे, असं म्हटलं होतं. ते एक वाक्य प्रार्थनेत घेतल्याने कुणाचा विश्वास ढासळणार नाही. आणि जिथे मराठीला लिंग लागत नाही तिथे आपल्या पदरचं घालू नका.

तो पेन्सिलीचा शेरा असलेला कागद माझ्याकडे अजून आहे. तीनही ठिकाणी मूळ क्रियापद पुसलेलं नाही, वरून नुसती रेघ मारली आहे, त्यामुळे खालचं ‘ये’ नीट वाचता येतं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत जागा असेल तर कळवा. प्रत पाठवते.

आपली नम्र,
एक भाषांतरकार